बुटका खांब भक्कम, उंच खांब कच्चा?

घाटातल्या पुलाचा फोटो, खाली मजकूर: 'भूकंपात आधी उंच खांब कोसळतात. टोकाचे बुटके, जाडजूड खांब हलत नाहीत. आणि ज्या पुलावरून रोज लोडेड ट्रक जातात त्याला भूकंप काय करणार?' हा मेसेज मला तीन ग्रुपांवर आला. एकात पाठवणारे स्वतः सिव्हिलवाले, म्हणून हे लिहायला बसलो.

'बुटका खांब हलत नाही' हे खरं आहे, आणि गोची तिथेच आहे. दरीवरच्या पुलाचे खांब काठालगत आखूड, मध्ये उंच. डेक, म्हणजे गाड्या जातात तो वरचा भाग, मात्र सगळ्यांच्या डोक्यावर एकच. धक्का बसला की तो सगळ्यांची डोकी साधारण सारखीच सरकवू बघतो. उंच खांब वाकून घेतो, आखूड खांब ताठ राहतो. जाडी तीच ठेवून उंची निम्मी केली की ताठपणा आठपट होतो. समजा, १२ मीटरचे तीन खांब आणि ६ मीटरचा एक. एकूण भार ११ रुपये धरला, तर उंच तिघांच्या वाट्याला एकेक रुपया आणि बुटक्याच्या एकट्याच्या माथी ८. तेवढे त्याच्या खिशात नसतात.

१७ जानेवारी १९९४ च्या पहाटे लॉस एंजेलिसच्या उत्तरेला, ५ आणि १४ क्रमांकाचे महामार्ग मिळतात तिथे, हेच झालं. नॉर्थरिजचा भूकंप, तीव्रता ६.७. वळणदार रॅम्प, पुढे उंच खांब, अबटमेंटजवळ (पुलाच्या टोकाच्या आधारभिंतीजवळ) एक ठेंगणा. तो ठेंगणाच फुटला आणि शेजारचे गाळे, म्हणजे दोन खांबांमधले पुलाचे तुकडे, खाली आले. अंधारात मोटारसायकलवरून ड्यूटीवर निघालेला एक पोलीस तुटलेल्या कडेवरून कोसळून गेला. याच जंक्शनचं काम चालू असताना १९७१ च्या सॅन फर्नांडो भूकंपातही तिथले गाळे पडले होते.

आता 'जाडजूड'. त्याच पहाटे ११८ क्रमांकाच्या महामार्गावर मिशन-गॉथिकचा पूल पडला. त्याचे खांब शोभेसाठी वर फुलदाणीसारखे पसरवलेले. फुगवटा वाकेना, वाकायला खालचा तुकडाच उरला, म्हणजे काँक्रीट वाढवून खांब बुटका केला. तो कातरला गेला. बुल क्रीकच्या पुलावर कालव्याची भिंत खांबाला भिडलेली होती, तिथेही तीच गत. खरा प्रश्न रिंगांचा, म्हणजे उभ्या सळ्यांना आवळून खांबाला कातरण्यापासून वाचवणाऱ्या आडव्या कड्यांचा असतो. कॅलिफोर्नियातल्या १९७१ आधीच्या खांबांत १२ मिलिमीटर जाडीच्या रिंगा ३०-३० सेंटीमीटरवर, फारच विरळ, असायच्या. स्लॅबवरचा कुठलाही मिस्त्री हे अंतर ऐकून हसेल.

ट्रकचं एका वाक्यात: तो भार उभा दाबतो, भूकंप आडवा ओढतो, आणि पूल जितका जड तितकी ओढ जास्त.

मेसेजवाल्यांच्या बाजूने एवढं म्हणतो, की उंच खांब काही अमर नसतात. डेक फार झुलला आणि खालची बैठक अरुंद असली तर गर्डर (डेक पेलणारी तुळई) निसटतो. आणि १९९५ मध्ये कोबेत हानशिन एक्स्प्रेसवेचा ६३५ मीटरचा पट्टा एका कुशीवर आडवा झाला. तिथे खांबांच्या उंचीत फरक नव्हता, पण काही उभ्या सळ्या वरपर्यंत न नेता मधेच संपवलेल्या होत्या.

बुटक्या खांबावर एक जुना इलाज आहे. खांबाभोवती मोकळी विहीर ठेवायची, पाया खोल न्यायचा, म्हणजे जमिनीखालचा भागही वाकायला मोकळा राहतो. पुलाखाली असा कोरडा खड्डा दिसला तर त्यात राडारोडा टाकू नका. तो भरला की खांब पुन्हा बुटका.