कंदिलातली बाळंतीण

आमच्याकडे दिवाळी संपली की कंदील लगेच उतरवायची पद्धत आहे. पद्धत आहे म्हणजे, बायको दरवर्षी तसं सांगते. तुळशीचं लग्न झालं तेव्हा मी म्हणालो, देवदिवाळी तर होऊ दे. देवदिवाळी झाल्यावर म्हणालो, लोक नाताळला मुद्दाम चांदणी विकत आणतात, आपली आयती लटकलेली आहे. संक्रांतीला काहीच सुचेना, तेव्हा माझी पाठ धरली. पाठ धरलेल्या माणसाला स्टुलावर चढ म्हणण्याइतकी ती निर्दय नाही.

8 मार्चला शनिवार होता आणि पाठ बरी असल्याचा पुरावा तिच्या हाती लागला होता (मी वाकून सोफ्याखालचा रिमोट काढला होता). मुकाट्यानं स्टूल आणलं, चढलो, आणि पाहतो तर कंदिलाच्या बुडाच्या दोन झिरमिळ्या एकमेकींना घट्ट चिकटलेल्या. त्यांच्यावर काड्याकचऱ्याचा एक ओघळ. जवळून पाहिलं, तर सगळं कोळिष्टकानं शिवलेलं. मागून कुणीतरी "त्सित्! त्सित्!" करून खडसावलं. ग्रिलवर अंगठ्याएवढी एक पक्षीण बसली होती. पिवळं पोट, राखाडी गळा, बाकदार चोच, आणि चोचीत आमच्याच गॅलरीच्या कोपऱ्यातलं जळमट.

मी स्टुलावरून उतरलो. चार महिन्यांत पहिल्यांदाच माझ्याकडे खरं कारण होतं.

तो पंचरंगी सूर्यपक्षी. काही जण शिंजीर म्हणतात. चोचीच्या टोकापासून शेपटीपर्यंत मोजला तरी दहा सेंटिमीटर भरत नाही. ठाण्यात जिथे जिथे जास्वंद आहे तिथे तो आहे, आणि पोर्च, गॅलऱ्या, दिव्यांच्या वायरी अशा माणसांच्या अंगाखांद्यावर घरटं टांगायला त्याला काहीच वाटत नाही. "त्याला" म्हणालो ते चुकलं. बांधकाम सगळं तिचं. तंतू, सालीचे कपटे, बियांची फोलपटं, सुकलेलं काहीबाही ती एकटी आणते, जाळ्यानं डकवते, बाजूला दार ठेवते, दारावर ऊन-पाऊस लागू नये म्हणून छोटी वळचणसुद्धा काढते. तो तिच्या मागे मागे येतो आणि पाहतो. पाठ लालसर तपकिरी, उन्हात मान वळवली की डोक्यावर हिरवी चमक, कमरेवर जांभळा रंग. लग्नाच्या हॉलमध्ये सूट घालून दाराशी उभ्या असलेल्या काकांसारखा सगळा थाट. बायकोनं हे दोन दिवस निरखलं आणि मग माझ्याकडे पाहिलं. काही बोलली नाही.

बोलली ती तिसऱ्या दिवशी. कारण कंदील ज्या हुकाला टांगला आहे, त्याच्या शेजारीच आमचा कपडे वाळत घालायचा स्टँड आहे. छताला लटकणारा, दोऱ्या ओढून वरखाली करायचा, आणि करताना अख्ख्या मजल्याला कळेल असा करकरणारा. दोरीला हात लागला की ती भुर्रकन उडून जायची. म्हणून मी स्टँडबंदी जाहीर केली.

"आणि कपडे?"

"घरात वाळतील. तिच्या घरट्याला धक्का लावणं गुन्हा आहे. 1972 चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे."

"त्या कायद्यात नवऱ्यांचं काही कलम आहे का, बघा जरा."

त्यानंतर सहा आठवडे आमच्या हॉलमध्ये कायम धुण्याचा दिवस होता. डायनिंगच्या खुर्च्यांवर टॉवेल, दारांवर चादरी, पंख्याच्या वाऱ्यात फडफडणारे माझे बनियन. एकदा बायकोचे मामा न कळवता आले आणि न पाहता बसले. उठले तेव्हा ओली उशीची खोळ त्यांच्याबरोबर उठली.

आईचा पवित्रा वेगळा. तिनं पहिल्याच दिवशी निकाल दिला, "बाळंतपणाला आली आहे. माहेरवाशिणीला कुणी काही बोलायचं नाही." कंदिलाच्या बटणावर तिनं चिकटपट्टी लावली आणि तिच्या वळणदार अक्षरात कागद डकवला: "हात लावू नये. बाळंतीण." रात्री गॅलरीचा दिवा बंद. कुकर स्वयंपाकघराचं दार लावून. सकाळी सहाला खुर्ची टाकून ती ग्रिलजवळ पहाऱ्याला, मांडीवर लाटणं. लाटणं कावळ्यासाठी होतं, पण घरात सगळेच जपून वागत होते. याच धांदलीत देवघरातला वातींचा कापूस संपला. आठवडाही झाला नव्हता आणून. चैत्रगौरीच्या वाती आत्ताच वळून ठेवल्या असतील असं समजून मी दुसरा पुडा आणला.

दरम्यान जावईबापूंनी खाली पार्किंगमध्ये एक प्रकरण उभं केलं होतं. सेक्रेटरींच्या गाडीच्या आरशात त्यांना एक परपुरुष दिसला. तेवढाच देखणा, तेवढाच भांडकुदळ. रोज सकाळी सात ते नऊ आरशावर टोचा मारायच्या, दमलं की आरशाच्या डोक्यावर बसून दरवाज्यावर शिटायचं, पुन्हा लढाई. सेक्रेटरी वर आले. "तुमचा पक्षी," त्यांनी सुरुवात केली. तो माझा नाही हे मी स्पष्ट केलं, पण आईनं मागून सांगितलं, "जावईच आहे, जरा सांभाळून घ्या." शेवटी माझे दोन जुने पायमोजे त्या आरशांवर चढले. तहाच्या अटींप्रमाणे मोजे धुतलेले असणार होते. ते वाळलेही आमच्याच हॉलमध्ये.

21 मार्चपासून ती बसली. दारातून फक्त चोच बाहेर, आणि चोचीमागे एक काळा मणी आपल्यावर रोखलेला. 30 तारखेला पाडवा. आमची गुढी गेली अठरा वर्षं त्याच ग्रिलला उभी राहते, कंदिलापासून हातभर अंतरावर. वेळू, तांब्या, साखरेची गाठी आणि फडफडणारं खणाचं कापड हे सगळं बाळंतिणीच्या उशाशी नको, म्हणून त्या वर्षी गुढी स्वयंपाकघराच्या खिडकीला, एक्झॉस्ट फॅनशेजारी. समोरच्या इमारतीतून फोन आला, "सगळं ठीक आहे ना घरी?"

5 एप्रिलला ती आत जाताना चोचीत कोळी दिसला आणि आई जागची उठून उभी राहिली. मध पिणारी जात, पण पोरांना मधावर वाढवत नाहीत. त्यांना किडे लागतात, कोळी लागतात. मिनिटामिनिटाला खेप. येताना कोळी, जाताना चोचीत पिल्लाची शी, पांढऱ्या पिशवीत बांधलेली, लांब नेऊन टाकायला. आमच्या मुलाच्या वेळी एवढी सोय असती तर, असं आम्ही दोघंही एकदमच म्हणालो. गेल्या कित्येक दिवसांतलं ते आमचं पहिलं एकमत. आठवड्याभरात दाराशी दोन चोची दिसू लागल्या आणि तिसऱ्या मजल्यावर औषधालाही कोळी उरला नाही. मी जळमटं काढत नाही म्हणून पूर्वी जे बोललं गेलं होतं, ते कुणी मागे घेतलं नाही.

पिल्लं साधारण सतराव्या दिवशी उडतात, असं वाचलं होतं. तो दिवस चुकायला नको म्हणून मी सोमवारी, 21 तारखेला, रजा टाकली. दिवसभर खुर्चीवर बसून होतो. मोबाइल तीनदा चार्ज केला. चोचीचे एकशे चाळीस फोटो आले. उडालं कुणी नाही. मंगळवारी दुसरी रजा मागायचं धैर्य झालं नाही ("घरी बाळंतीण आहे" हे कारण साहेबांना एकदा देऊन झालं होतं आणि त्यांनी अभिनंदन केलं होतं). घाटकोपर गेलं असेल, लोकलच्या दारात एका पायावर उभा होतो, आणि फोन वाजला.

"गेली दोघं," बायको म्हणाली. "एक आधी ग्रिलवर बसलं, मग माझ्या खांद्यावर, मग बदामावर."

"तुझ्या खांद्यावर?"

"चादर झटकत होते."

फोटो नव्हता. हातात चादर होती.

संध्याकाळी गॅलरीतून बदामाच्या झाडावर दाखवलं तिनं. दोन गोळे फांदीवर खेटून बसलेले, आणि त्यांना भरवत होता तो. सूटवाला. किडा आण, घाल, परत जा, एका क्षणाची उसंत नाही. "शेवटी का होईना," बायको म्हणाली. हे कुणाला उद्देशून होतं ते मी विचारलं नाही.

रविवारी तिनं स्टूल आणून ठेवलं. मी म्हणालो, काही वेळा त्याच घरट्यात दुसरी वीणही करतात. ती म्हणाली, चढा. चढलो. इतक्या दिवसांत मी कधी आत डोकावलो नव्हतो. मोबाइलचा उजेड टाकला. आत रुईची म्हातारी असेल, सावरीचा कापूस असेल, असं वाटलं होतं. थोडा होताही. बाकी सगळा गुळगुळीत, पांढराशुभ्र, पुड्यातला.

"आई," मी स्टुलावरूनच विचारलं, "वातींचा कापूस?"

"मी ग्रिलवर ठेवत होते थोडा थोडा," आई लाटण्याला पीठ लावत म्हणाली. "बाळंतिणीला गादी नको?"

बायकोनं वर पाहिलं, घरट्याकडे, मग आईकडे. मग मला खाली उतरायला सांगितलं आणि स्टूल उचलून आत ठेवून आली. स्टँड खाली ओढला, अगदी हळू, करकर होऊ न देता, आणि एका कडेनं कपडे घालू लागली. कंदिलाकडची बाजू रिकामी सोडून.