पत्ते उघडल्यावर सगळ्यांनाच दिसते

पोकरमध्ये मोठा रेज, म्हणजे आधीच्या पैजेवर वाढवलेली पैज, आला की हात कितीही चांगला असला तरी टाकून द्यावा, असा उपदेश परवा गोव्यात मांडवी नदीतल्या एका कॅसिनोच्या टेबलावर शेजारच्या गृहस्थांनी मला केला, आणि तोही माझ्या चिप्स समोरच्याकडे सरकल्यानंतर. माझ्या हातात नव्व्यांची जोडी होती आणि फ्लॉपवर (टेबलावर सगळ्यांसाठी उघडणारे पहिले तीन पत्ते) बदाम नव्वी, बदाम छक्की व किलवर दुर्री आली होती. त्या फ्लॉपवर तीन नव्व्यांपेक्षा मोठा हात कोणाकडे असूच शकत नव्हता. स्ट्रेट (ओळीने पाच पत्ते) नाही, फ्लश (एकाच चिन्हाचे पाच पत्ते) नाही, काहीही नाही. पॉटमध्ये (मधल्या ढिगात) 3,000 होते, मी 2,000 लावले आणि समोरच्याने 9,000 चा ऑल-इन केला, म्हणजे होते नव्हते ते सगळे लावले. मला आणखी 7,000 घालून 21,000 च्या पॉटसाठी खेळायचे होते, म्हणजे तिनांत एकदा जिंकलो तरी बरोबरी होती. त्याच्याकडे बदामाचा एक्का-राजा निघाला, ज्याच्याविरुद्ध मी चारांतून जवळजवळ तीन वेळा जिंकतो. टर्नवर (चौथा पत्ता) बदाम चौकी पडून त्याचा फ्लश झाला, रिव्हरवर (पाचवा, शेवटचा पत्ता) मला वाचवणारी जोडी टेबलावर लागली नाही आणि तोवर मोबाइलमध्ये डोके घालून बसलेले हे गृहस्थ म्हणाले, "अहो, एवढा रेज म्हणजे फ्लश दिसतच होता की!" टेबलावर दोनच बदाम असताना यांना फ्लश दिसला कुठे?

राजांच्या जोडीवरून तर मी वर्षानुवर्षे हेच ऐकत आलो आहे. फ्लॉपच्या आधी मोठा रेज आला, मी कॉल केला (तेवढीच रक्कम घातली) आणि एक्के निघाले की "राजे टाकायचे होते". टाकले आणि समोरच्याने एक्का-राजा दाखवला की "शेपूट घातली". माझ्या हातात दोन राजे असताना एक्क्यांची जोडी 6 प्रकारे बनते, एक्का-राजा 8 प्रकारे आणि राण्यांची जोडी 6 प्रकारे. समोरचा या तिन्ही हातांवर तसाच रेज करणारा असेल, तर राजे टाकणे हा शुद्ध वेडेपणा आहे. तो फक्त एक्क्यांवरच रेज करणारा असेल, तर ते टाकण्याला पर्याय नाही. म्हणजे रेज करणारा कोण आहे हे पाहावेच लागते, पण तेवढे कष्ट या उपदेशकांना नको असतात. रात्रभर मुकाट कॉल करणारा माणूस रिव्हरवर अचानक पॉटएवढा रेज करतो, तेव्हा मी एक्क्यांची जोडीही बेधडक टाकतो, आणि तिथे मात्र हेच लोक विचारतात, "एक्के कोणी टाकतो का?"

संताप याचा आहे की त्याच गृहस्थांनी थोड्या वेळाने टर्नवर पॉटएवढ्या बेटला नुसत्या फ्लश ड्रॉवर (फ्लशला एक पत्ता कमी) कॉल केला. कामाचे नऊ पत्ते, यायचा एकच पत्ता, म्हणजे संधी पाचांत एकदा, आणि किंमत मोजली तिनांत एकदाची. रिव्हरवर त्यांचा पत्ता पडला. सगळ्या टेबलाने "काय धाडस!" म्हणून टाळ्या वाजवल्या आणि मला हात टाकायला शिकवणाऱ्या या माणसाने त्या हसत हसत स्वीकारल्या.