थकवा आलाय? श्वास मोजा!

अभिनंदन डॉक्टर! पीजीची सीट मिळाली, जेआर-वन, म्हणजे पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर झालात. आता पहिलं काम म्हणजे तास मोजायची सवय सोडा. सोमवारी सकाळी सातला लागलेली ड्यूटी मंगळवारी संध्याकाळी सातला सुटली, तर ‘छत्तीस तास झाले’ म्हणू नये. ‘काल जरा उशीर झाला’ म्हणावं.

कुणीतरी आगाऊ बॅचमेट तुम्हाला १९९२ चा केंद्र सरकारचा आदेश दाखवेल. सलग ड्यूटी १२ तासांच्या वर शक्यतो नको, आठवड्याला साधारण ४८ तास. त्यातला ‘शक्यतो’ हा शब्द तेव्हापासून एकही सुट्टी न घेता राबतोय, त्याच्याकडून शिका. २०२४ मध्ये तर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कृती दलानं खास तुमच्या मनःस्वास्थ्याचा विचार केला आणि मर्यादा सुचवली आठवड्याला ७४ तासांची. काळजी घ्यायला बसले आणि २६ तास वाढले. आणि गंमत म्हणजे, ७४ ऐकून वॉर्डातल्यांच्या तोंडाला पाणी सुटलं!

ॲप्रनचे खिसे मात्र नीट लावा. उजवीकडे सीबीसीच्या (रक्ततपासणीच्या) जांभळ्या झाकणाच्या ट्यूबा, डावीकडे पार्ले-जी. ट्यूबा लॅबपर्यंत तुम्हीच न्यायच्या, कारण वॉर्डबॉय मामा जेवायला गेलेत. मागच्या बॅचपासून ते जेवतायत. बिस्किट जिन्यातच खायचं. वॉर्डात खाताना सरांनी पाहिलं तर ‘आमच्या वेळी’ सुरू होतं, आणि ते राउंडपेक्षा लांबतं.

तक्रार करावीशी वाटली तर थिसिस आठवा. त्यावर सही सरांचीच लागते. सीट सोडावीशी वाटली तर बॉण्ड आठवा, त्याचा दंड लाखांत आहे. एवढं आठवूनही रडू आलं तर लिनन रूम बरी. मावशी काही विचारत नाहीत, फक्त दार लोटून घेतात.

आणि ताणमुक्तीच्या कार्यशाळेला जाच. हजेरी सक्तीची आहे. वेळ दुपारी दोनची, म्हणजे बरोबर तुमच्या पोस्ट-ड्यूटीची, ड्यूटीनंतरच्या झोपेची. तिथे रेझिलियन्स, म्हणजे ताण सोसून पुन्हा उभं राहणं शिकवतात. ताण आत आहे, बाहेर नाही, हे स्लाइडवर दाखवतात. मग डोळे मिटून श्वास मोजायला सांगतात. आमच्या वेळी (बघा, मीही लागलोच!) दहाव्या श्वासाला मागची अख्खी रांग घोरत होती. पाहुण्या मॅडम भारावल्या. एवढ्या झटकन ध्यान लागलेली मुलं त्यांनी पाहिली नव्हती म्हणे.

शेवटी फॉर्म देतील. त्यात ‘खूप फ्रेश वाटलं’ असं बिनधास्त लिहा. खोटं नाही ते. वीस मिनिटं सलग मिळाली होती.