इंजिन बदलल्यावर गाडी बिघडली तर ईसीएमला हात लावण्याआधी अर्थिंग बघा

गेले काही दिवस गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर तो तिघांनी टाकला. थोडक्यात तो असा: इंजिन बदलल्यावर इलेक्ट्रिकचा प्रॉब्लेम आला म्हणजे ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, गेला, भंगारातून दुसरा आणून बसवा. बॅटरी बारा व्होल्ट दाखवत असेल तर तिकडे बघायची गरज नाही. अल्टरनेटर (बॅटरी चार्ज करणारा, इंजिनावर फिरणारा जनरेटर) तपासायला चालू गाडीत बॅटरीची मायनस वायर काढा. फ्यूज सारखा उडत असेल तर मोठा टाका. स्कॅनर (गाडीला जोडून दोष वाचायचं यंत्र) ज्या सेन्सरचं नाव सांगेल तो बदला.

अंधेरी नाहीतर मिलन सबवेच्या पाण्यात गाडी घातली, इंजिनात पाणी शिरलं, मग कुर्ल्याहून जुनं इंजिन आणून चढवलं, असे लोक मुंबईत दर पावसाळ्यात भेटतात. आधीच खर्चाने वाकलेल्या माणसाला हा मेसेज आणखी खड्ड्यात घालतो. त्यातला फ्यूजचा सल्ला तर जिवावर बेतणारा आहे.

आधी ईसीएम. मागच्या जुलैत माझ्या मावसभावाच्या जुन्या हॅचबॅकचं इंजिन बदललं. तिसऱ्या दिवसापासून हेडलाइट लावला की टेंपरेचरचा काटा वर जायचा, रेडिएटरचा फॅन फिरला की दिवे मंद व्हायचे, सकाळी सेल्फ मारला की नुसतं टकटक. त्यालाही ईसीएमच बदलायला सांगितलं होतं. आम्ही बॉनेट उघडलं. मल्टीमीटरची काळी पिन बॅटरीच्या मायनसवर, लाल पिन इंजिनच्या ब्लॉकवर धरली आणि त्याला म्हटलं, मार सेल्फ. मीटरवर 2.3 व्होल्ट. तिथे 0.2 च्या आसपास दिसायला हवं, अर्ध्या व्होल्टच्या वर तर नाहीच. इंजिनाकडून बॅटरीकडे परतणारा करंट वाटेत अडत होता. या परतीच्या वाटेलाच अर्थ म्हणतात.

कुठे अडत होता ते टॉर्च मारल्यावर दिसलं. इंजिन नवं दिसावं म्हणून कुणीतरी त्यावर चंदेरी स्प्रे मारला होता आणि बॉडीवरून येणाऱ्या अर्थच्या पट्टीचं थिंबल, म्हणजे टोकाचं धातूचं कडं, त्या रंगावरच आवळलं होतं. पट्टीच्या दुसऱ्या टोकाला तांबं हिरवं पडलेलं. मुंबईच्या खाऱ्या, दमट हवेत हे व्हायला वेळ लागत नाही. पॉलिश पेपरने दोन्ही जागा लख्ख केल्या, पट्टी नवी टाकली. पुन्हा सेल्फ मारला, मीटर 0.15. काटा जागेवर बसला तो बसलाच.

हेडलाइटचा आणि टेंपरेचरच्या काट्याचा संबंध काय, असं भाऊ विचारत होता. अल्टरनेटर इंजिनावर बसलेला असतो. गाडी चालू असताना दिव्यांना, फॅनला तोच करंट देतो आणि तो करंट बॉडीतून याच पट्टीवरून इंजिनाकडे परततो. त्याच्या गाडीत टेंपरेचरचा सेन्सर एका वायरचा, म्हणजे त्याची अर्थही इंजिनच. वाट अडली की काट्याचा हिशोबच चुकतो. अशी लक्षणं एकत्र दिसली की मी तरी डोळे मिटून पहिला अर्थ बघतो. पट्टी तुटायला आली तर करंट क्लच किंवा अॅक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि केबल तापून जळते. आणि ही पट्टी मीटरच्या ओहमवर मोजू नका. पट्टीची एक तार शिल्लक असली तरी मीटर जवळजवळ शून्यच दाखवतो, कारण तो पाठवतो तो करंट अगदी नगण्य. खरी परीक्षा सेल्फच्या ओढीखालीच होते.

बारा व्होल्टचं म्हणाल, तर काही तास उभ्या गाडीची भरलेली बॅटरी 12.6 दाखवते. नेमके 12.0 म्हणजे ती बरीचशी रिकामी. गाडी चालू असताना साधारण 13.8 ते 14.4 दिसायला हवेत. दिसत नसतील तर चावी फिरवल्यावर डॅशबोर्डवरचा बॅटरीचा लाल दिवा लागतो का बघा. बऱ्याच जुन्या गाड्यांत अल्टरनेटर जागा होतो तो याच दिव्याच्या बारीक वायरीवर, आणि इंजिन चढवताना तीच जोडायची राहून जाते.

चालू गाडीत मायनस मात्र कधीच काढू नका. बॅटरी अल्टरनेटरचे झटके गिळते. ती सुटली की क्षणात व्होल्टेज कितीतरी पट उसळतं आणि चांगला ईसीएम तेव्हाच मरू शकतो.

फ्यूज वायरीला वाचवायला असतो. दहाच्या जागी तीस अँपिअर टाकला की फ्यूजऐवजी वायर जळते, आणि ती डॅशबोर्डच्या आत, पेट्रोलच्या गाडीत जळते. इंजिन बदललेल्या गाडीत वायरिंग बऱ्याचदा इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये दबलेलं नाहीतर एक्झॉस्टवर टेकून वितळलेलं असतं. जुने वायरमन फ्यूजच्या जागी 21 वॅटचा बल्ब लावतात. शॉर्ट असेल तर तो झगझगीत पेटतो. मग एकेक कपलर (वायरींचा प्लग) काढत, वायरिंग हलवत जायचं. बल्ब जिथे मंदावेल तिथे चूक.

स्कॅनरने एकदम तीन-चार सेन्सरची नावं सांगितली तर ते सगळे एका दिवशी मेले, असं शक्यतो नसतं. बरेच सेन्सर ईसीएमकडून येणारे पाच व्होल्ट वाटून घेतात. एक सेन्सर आतून शॉर्ट झाला किंवा एक वायर बॉडीला टेकली की सगळ्यांचे पाच व्होल्ट बसतात. सेन्सर एकेक करून सोडवा. ज्याला सोडवल्यावर पाच परत आले, तो सेन्सर खराब. सगळे सोडवूनही परत आले नाहीत तर आधी वायरिंग बघा. स्कॅनरच जोडला जात नसेल आणि गाडीत कॅन वायरिंग (गाडीतले कॉम्प्युटर एकमेकांशी बोलतात ती दोन वायरींची लाइन) असेल, तर बॅटरी काढून ओबीडी सॉकेटच्या, म्हणजे स्कॅनर लावायच्या सॉकेटच्या, 6 आणि 14 नंबरच्या पिनमध्ये ओहम मोजा. साधारण 60 यायला हवेत. 120 आले तर ती लाइन कुठेतरी तुटली आहे.

हे सगळं बरोबर निघालं, ईसीएमच्या कपलरवर पूर्ण व्होल्टेज आणि पक्की अर्थ मिळाली, आणि तरी गाडी स्कॅनरशी बोलत नसेल, तेव्हा ईसीएमवर संशय घ्या. तेव्हाही भंगारातला आणून नुसता टोचून चालत नाही. इमोबिलायझर (ओळखीच्या चावीशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारी चोरीविरोधी सोय) असलेल्या गाडीत चावीची आणि ईसीएमची ओळख जुळवावी लागते. नाहीतर डॅशबोर्डवर चावीचा दिवा लुकलुकत राहतो आणि इंजिन सुरूच होत नाही. ईसीएम विकत घ्यायच्या आधी ती ओळख कोण जुळवून देणार, हे दुकानदाराला विचारा. आणि लॅमिंग्टन रोडवरून एक साधा मल्टीमीटर घेऊन ठेवा, अर्थ तपासायला तेवढा पुरतो.