दुरुस्त झालेला सर्व्हर परत का जोडू दिला नाही: आपल्या रिव्ह्यूला उत्तर

नमस्कार साहेब,

एक स्टार देताना आपण दोन तक्रारी लिहिल्यात: दुसरा डोमेन कंट्रोलर (ऑफिसातले लॉगिन तपासणारा सर्व्हर) असूनही मुख्य सर्व्हर बंद पडल्यावर ऑफिस अर्धा दिवस अडकलं, आणि नवा मदरबोर्ड टाकून जुना सर्व्हर चालू झाला तरी आम्ही तो नेटवर्कला जोडू दिला नाही.

लॉगिन तपासायचं काम दुसरा सर्व्हर त्या सकाळीही करत होता. अडकले ते पीसी, ज्यांच्यात डीएनएस (नावावरून सर्व्हरचा पत्ता शोधून देणारी सेवा) म्हणून फक्त मुख्य सर्व्हरचा आयपी हाताने भरलेला होता. त्यांना दुसरा सर्व्हर सापडणार कसा? राउटरच्या डीएचसीपीवरून (या सेटिंग आपोआप देणाऱ्या सेवेवरून) दोन्ही आयपी घेणारे पीसी चालूच राहिले. बाकीचे एकेक उघडून बदलावे लागले, वेळ तिथे गेला.

मुख्य सर्व्हरकडचे ५ एफएसएमओ रोल (एका वेळी एकाच सर्व्हरकडे असणाऱ्या खास जबाबदाऱ्या) मात्र आपोआप सरकत नाहीत. सर्व्हर जिवंत असेल तर ते रीतसर ट्रान्सफर होतात, मेला असेल तर एनटीडीएसयूटिल या विंडोजच्या टूलने सीझ करावे, म्हणजे सक्तीने दुसऱ्या सर्व्हरकडे घ्यावे लागतात. सीझ केलं की त्या सर्व्हरची परतीची वाट बंद. म्हणून आधी मदरबोर्ड कधी मिळेल ते विचारलं आणि तारीख मिळेना तेव्हाच सीझ केलं. त्यातला स्कीमा मास्टर (डोमेनच्या डेटाबेसची रचना सांभाळणारा रोल) काही दिवस नसला तरी कुणाला कळतही नाही. पीडीसी एम्युलेटर (सगळ्यांची घड्याळं जुळवणारा रोल) नसला तर घड्याळं सरकू लागतात, आणि फरक ५ मिनिटांच्या पुढे गेला की कर्बेरॉस, म्हणजे लॉगिन तपासणारी यंत्रणा, लॉगिन नाकारते. त्यामुळे नव्या पीडीसीला लगेच बाहेरचा एनटीपी (अचूक वेळ देणारा सर्व्हर) लावला.

आता जुना सर्व्हर. आरआयडी मास्टर हा त्याच पाचांतला रोल प्रत्येक डोमेन कंट्रोलरला ५०० क्रमांकांचा गठ्ठा देतो, त्यातून प्रत्येक नव्या युजरचा एसआयडी (विंडोज त्याला ओळखते तो क्रमांक) बनतो. स्वतःला अजून आरआयडी मास्टर समजणारा सर्व्हर परत आला, तर तेच क्रमांक दोनदा वाटले जाऊ शकतात. मग दोन युजरचा एसआयडी एकच, आणि एकाच्या फोल्डरचे हक्क दुसऱ्याला. पगाराचा फोल्डर असलेल्या ऑफिसात हा धोका आम्ही पत्करणार नाही, ग्राहक नाराज झाला तरी. शिवाय मेटाडेटा क्लीनअप (डोमेनमधून त्या सर्व्हरच्या नोंदी काढणं) झालाय, त्यामुळे डोमेनच्या लेखी तो सर्व्हर आता नाहीच.

त्यावरचा टॅलीचा डेटा सुरक्षित आहे. नेटवर्क केबल काढलेली ठेवून सर्व्हर चालू करा. बूट व्हायला नेहमीपेक्षा बराच वेळ लागेल, मध्येच बंद करू नका. जुन्याच ॲडमिनिस्ट्रेटर पासवर्डने लॉगिन करून डेटा यूएसबी डिस्कवर घ्या आणि ती डिस्क दुसऱ्या पीसीवर उघडून पाहा. नंतरच आम्ही डिस्क फॉरमॅट करून विंडोज सर्व्हर नव्याने टाकू आणि त्याला पुन्हा डोमेन कंट्रोलर करू. रेपॲडमिन या टूलमध्ये रेप्लिकेशनची (दोन सर्व्हरमधला डेटा जुळवण्याची) एकही एरर नाही, सिसव्हॉल आणि नेटलॉगऑन हे डोमेन कंट्रोलरचे दोन्ही शेअर फोल्डर दिसतायत, हे आपल्यासमोर तपासू. रोल परत तिकडे न्यायचे असतील तर त्यानंतर, आणि तेव्हा साध्या ट्रान्सफरने.