‘एका अर्ध्या र साठी एवढं रामायण?’ या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

‘कऱ्हाड’, ‘दऱ्या’ अशा शब्दांतला अर्धा र, रुपयाचं ₹ अशी चिन्हं संगणकावर कशी उमटवायची, हे मी लिहिलं होतं. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: वर्डमध्ये इन्सर्ट, मग सिम्बॉल, मग मोअर सिम्बॉल्स आणि मग त्या भल्यामोठ्या तक्त्यात चिन्ह हुडकत बसण्यापेक्षा गूगलवरून उचलून चिकटवलं की भागतं, आणि मी सांगितलेली ऑल्ट-८३७७ ची युक्ती तुमच्या लॅपटॉपवर चाललीच नाही, ही ‘दु:खद’ गोष्ट.

युक्तीबद्दल चूक माझी. ऑल्ट दाबून धरून ८३७७ टाइप केलं की वर्डमध्ये ₹ उमटतो, पण ते आकडे कीबोर्डच्या उजवीकडच्या वेगळ्या आकडेपट्टीवरचेच लागतात. वरच्या ओळीतले चालत नाहीत. हे लिहायचं राहिलं. तुमच्या लॅपटॉपवर ती पट्टी नसेल, तर विंडोजमध्ये इंग्लिश-इंडिया कीबोर्ड निवडा आणि कंट्रोल, ऑल्ट व ४ एकदम दाबा; काम होईल. तक्त्याचा वैतागही मान्य. मात्र तो रोज उघडायचा नसतोच. नेहमी लागणारं चिन्ह एकदा निवडून तिथल्याच ‘शॉर्टकट की’मध्ये आपल्या सोयीची कळ नेमून टाकली की सुटलो.

उचलून चिकटवण्याबद्दल मात्र माझा हट्ट कायम आहे, आणि त्याला कारण आहे. एका स्मरणिकेसाठी देणगीदारांची यादी करत होतो. नावं व्हॉट्सॲपवरून जशी आली तशी चिकटवली. मग ‘कऱ्हाडकर’ शोधलं, तर डोळ्यांना दिसणाऱ्यांपैकी निम्मेच सापडले. अक्षर न् अक्षर सारखं दिसत होतं! भानगड अशी की हा अर्धा र दोन तऱ्हांनी तयार होतो. एक, नुक्त्याचा म्हणजे खाली टिंब असलेला ऱ आणि हलन्त, म्हणजे पाय मोडायचं चिन्ह. दुसरी, साधा र, हलन्त आणि त्यापुढे झिरो विड्थ जॉइनर नावाचं न दिसणारं चिन्ह. छापल्यावर दोन्ही एकच, संगणकाच्या लेखी दोन वेगळे शब्द. टायपिंगची काही साधनं पहिला मार्ग घेतात, काही दुसरा. उचललेल्या मजकुरात कोणता आलाय हे नुसतं बघून कळायची सोय नाही.

तपासायचं असेल तर शब्दाच्या शेवटाकडून बॅकस्पेस मारत एकटा र उरेपर्यंत या. खाली टिंब दिसलं तर पहिली तऱ्हा. मी तीच वापरतो. इनस्क्रिप्टवर, म्हणजे संगणकातल्या प्रमाण देवनागरी कीबोर्डवर, शिफ्ट धरून र ची कळ दाबली की ऱ येतो, पुढे हलन्त आणि य किंवा ह. इनस्क्रिप्ट येत नसेल तर वर्डमध्ये इंग्रजी कीबोर्डवर ०९३१ टाइप करून लगेच ऑल्ट आणि एक्स दाबा. आकडे जाऊन ऱ येतो. लिब्रेऑफिसमध्येही हे चालतं. साधा र घेऊन नुसतं हलन्त दिलात तर मात्र डोंगरातल्या ‘दऱ्या’चा समुद्राचा ‘दर्या’ होतो.

आता जरा खोडी काढतो. तुमच्या ‘दु:खद’मध्ये विसर्ग नाही, कोलन आहे. अगदी वर्तमानपत्रांतही सर्रास दिसतो, त्यामुळे तुम्ही एकटे नाही. पण ‘दुःख’ शोधायला गेलात तर हा शब्द हाती लागणार नाही. इनस्क्रिप्टवर विसर्ग शून्याशेजारच्या उणेच्या कळीवर आहे, शिफ्ट धरून. नाहीतर ०९०३, मग ऑल्ट-एक्स. याला आकडेपट्टी लागत नाही, त्यामुळे तुमच्या लॅपटॉपवरही चालेल.