मोठा प्रश्न ग्रुपवर टाकताना

लग्न करावं का, नोकरी सोडावी का, आईचं घर आत्ताच नावावर करून घ्यावं का, असले प्रश्न चुकूनही घरात विचारू नका. घरच्यांना तुमची परिस्थिती माहीत असते, त्यामुळे त्यांचं मत निष्पक्ष राहत नाही. निष्पक्ष सल्ल्याला काहीच माहीत नसलेली माणसं लागतात, आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपात ती १०२४ पर्यंत मावतात.

ग्रुप निवडताना सोसायटीचा टाळा. तुमचा संसार मोडायला आलेला असतो आणि खाली निरोप येतो, ‘उद्या टाकी सफाई, १० ते २ पाणी बंद.’ प्रश्न तिथेच बुडाला. लोकलच्या डब्याचा ग्रुप चपळ असतो, पण त्याची सगळी चपळाई ठाणे ते दादर एवढीच. दादर आलं की मंडळी फोन खिशात घालून दाराकडे सरकतात आणि तुमच्या हातात उरतं, ‘राजीनामा दे, पण आधी’. आधी काय, ते संध्याकाळच्या परतीच्या गाडीत. तेव्हा शाळेच्या बॅचचा ग्रुप सर्वांत बरा. तुम्ही दहावीत कसे होता एवढंच त्यांना ठाऊक असतं, आणि सल्ला द्यायला तेवढं पुरतं.

आता मजकूर. समजा, आई मुलुंडला एकटी राहते, वन बीएचके तिच्या नावावर आहे, भाऊ पुण्याला. आईला दवाखान्यात तुम्ही नेता, हे पहिल्याच ओळीत आलं पाहिजे. दिवसभराच्या बाईचा पगार भाऊ देतो, हे गाळा. तुमच्या स्वतःच्या फ्लॅटचे हप्ते तटलेत, हेही गाळा. आईला अजून विचारलेलंच नाही, हा तर तपशील झाला. खोटं मात्र लिहू नका, ते वाईट दिसतं. मेसेज लांब झाला की व्हॉट्सअ‍ॅप तो मध्येच कापून ‘अधिक वाचा’ दाखवतं. त्या खाली कुणी जात नाही. टोचणारं सगळं तिथे ठेवा, म्हणजे उद्या वाद झाला तर ‘मी लिहिलं होतं की’ म्हणायची सोय राहते.

मेसेज पाठवल्यावर १५ मिनिटं तो बदलता येतो. पहिली तीन उत्तरं विरोधात गेली तर प्रश्नच फिरवा. खालची उत्तरं तशीच राहतात, फक्त ती आता वेगळ्याच प्रश्नाची होतात. मेसेज बदलल्याची बारीक खूण दिसते, पण ती बघायला चष्मा लागतो, आणि या बॅचचा चष्मा सहसा दुसऱ्या खोलीत असतो.

उत्तरांमध्ये पहिलं हमखास येतं, ‘अरे, नॉमिनी लावलंय ना? मग संपलं.’ याला भरपूर अंगठे मिळतात. नॉमिनी मालक होत नाही, तो वारसांच्या वतीने फक्त सांभाळतो. पण हे सांगणारा रसभंग करतो, त्याच्याकडे दुर्लक्ष करा. पाठोपाठ बक्षीसपत्राचा जाणकार येईल: मुलाला किंवा मुलीला राहतं घर बक्षीस द्यायचं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क २०० रुपये. आकडा बरोबर आहे. त्यावर लागणारे इतर कर त्याच्या मेसेजमध्ये नसतात, आणि घर दिल्यावर आईचं त्यावर काय उरतं, तेही नसतं. ‘सांभाळ करायचा’ अशी अट लेखात घातली आणि पुढे मुलाने सांभाळलं नाही, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली आईला तो व्यवहार न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येतो. ही अट कुणी सुचवलीच तर तिला आईवर अविश्वास दाखवणं म्हणावं. कसं काय, ते कुणी विचारत नाही.

इच्छापत्राचं नाव काढणारा सगळ्यांत धोकादायक. त्याच्या म्हणण्याप्रमाणे साधा कागद चालतो, मुद्रांक लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही, करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदार पुरतात, आणि आई हयात असेपर्यंत घर आईचंच राहतं. सगळं खरं आहे. म्हणून लगेच वाढदिवसाचा केक टाका. कुणाचा ना कुणाचा असतोच, आणि शंभर शुभेच्छांखाली इच्छापत्र गाडलं जातं.

एवढ्यानेही कौल लागला नाही तर पोल काढा. व्हॉट्सअ‍ॅप १२ पर्याय देतं, सगळे भरा. ‘नावावर करून घे’ हेच चार वेगवेगळ्या शब्दांत लिहिलं तरी चालतं. नवशिके इथे एका गोष्टीत फसतात. एकापेक्षा जास्त उत्तरं निवडण्याचं बटण आधीपासूनच चालू असतं. ते बंद केलं नाही, तर एकच गृहस्थ ‘घर लगेच नावावर कर’ आणि ‘आईला त्रास देऊ नकोस’ या दोन्हींवर खूण करतात आणि वर ‘आणि एक: भावाशी बोल’ यावरही. शिवाय कुणी कशावर बोट ठेवलं ते नावानिशी दिसतं. त्यामुळे निम्मे लोक आधीच्याने जे निवडलं तेच निवडतात आणि बाकीचे त्याच्याशी जुनं भांडण म्हणून उलटं.

निकाल सोयीचा आला तर स्क्रीनशॉट काढा, वरचा प्रश्न कापून. गैरसोयीचा आला तर मेसेज सगळ्यांसाठी डिलीट करा; दोन दिवसांहून थोडा जास्त अवधी मिळतो. डिलीट केल्याची नोंद मागे राहते, आणि ती मूळ प्रश्नापेक्षा जास्त लोक वाचतात.

एक अडचण मात्र टळत नाही. बॅच कितीही जुनी असो, मुंबईत त्यातला एक जण तुमच्या भावाचा साडू निघतोच. मग पुण्याहून फोन येतो आणि भाऊ एवढंच विचारतो, “आईला विचारलंस का?” गोंधळू नका. ‘सांगतो’ म्हणून फोन ठेवा आणि नवा पोल काढा: ‘आईला विचारावं का?’ दोनच पर्याय द्या, आणि या वेळी ते बटण आठवणीने बंद करा.